तळावरून आलेला व्हॉइस

अंबडमध्ये कोर्टाच्या मागच्या गल्लीत माझी लॅब आहे. गल्लीतले लोक मला 'रक्तवाल्या मॅडम' म्हणतात. माझी त्याला हरकत नाही. पॅथॉलॉजिस्ट हा शब्द माझ्या सासूबाईंनाही अजून नीट म्हणता येत नाही, आणि त्या तर माझ्याच घरात राहतात. लोकांना वाटतं मी सुई टोचते आणि बाकीचं मशीन करतं. खरं तर रक्त माझी टेक्निशियन काढते, मशीनही तिचंच ऐकतं, आणि मी आतल्या खोलीत मायक्रोस्कोपला डोळे लावून बसलेली असते. पेशंटच्या शरीरातला एखादा तुकडा किंवा थेंब माझ्यापर्यंत येतो, पेशंट सहसा येत नाही. एखाद्या बाईच्या गाठीतली पेशीन् पेशी मी तासभर न्याहाळलेली असते, आणि तीच बाई बाजारात माझ्या शेजारी उभी राहून मेथीची जुडी निवडत असली तरी मला पत्ता नसतो.

या एकटेपणाची सवय झाली होती. अडचण व्हायची ती एखाद्या स्लाइडबद्दल शंका आली की. पूर्वी शंका आली की स्लाइड कापसात गुंडाळायची, मिठाईच्या रिकाम्या खोक्यात घालायची आणि एसटीनं औरंगाबादला माझ्या जुन्या विभागात पाठवायची. मग उत्तराची वाट बघायची. कधी उत्तर यायचं, कधी काचेचे तुकडे परत यायचे.

मोबाईलला बरा कॅमेरा आला तेव्हा मी मायक्रोस्कोपच्या नळीवर फोन हातानं धरून फोटो काढायला लागले. हात हलायचा आणि फोटोत अर्धा चंद्र आणि अर्धा अंधार यायचा. माझा नवरा शाळेत विज्ञान शिकवतो. त्यानं एका रविवारी पाण्याच्या पाइपचा तुकडा कापला, त्याला फोनचं जुनं कव्हर चिकटवलं आणि ती वस्तू मायक्रोस्कोपच्या डोळ्यावर टोपीसारखी बसवून दाखवली. फोन घट्ट बसला. फोटो असा लख्ख आला की मी त्याला लॅबमध्येच चहा करून पाजला.

त्याच सुमारास मी एका ऑनलाइन ग्रुपात शिरले. देशभरातल्या छोट्या गावांतले पॅथॉलॉजिस्ट त्यात होते, सगळे माझ्यासारखेच आपापल्या खोलीत एकटे बसणारे. नियम साधा होता. पेशंटचं नाव टाकायचं नाही; वय, गाठ कुठं आहे आणि काय होतंय एवढंच लिहायचं, खाली फोटो टाकायचे. मग कुणी केरळातून, कुणी आसामातून मत द्यायचं. मी माझ्या चेहऱ्याऐवजी एका सुंदर रंगलेल्या पेशीचा फोटो लावला होता. त्यामुळे सगळे मला 'सर' म्हणायचे. 'थँक यू सर', 'ग्रेट केस सर'. सुरुवातीला मी दुरुस्ती केली नाही, आणि मग करायची वेळ निघून गेली.

त्या ग्रुपात हिमालयातल्या एका जिल्ह्याचे निवृत्त डॉक्टर होते. फार बोलायचे नाहीत. तरुण मंडळी तासभर वाद घालायची आणि मग यांची एक ओळ यायची. त्यानंतर वाद संपायचा. मी त्यांना मनातल्या मनात 'पहाडातले डॉक्टर' म्हणायचे. आमची एवढीच ओळख.

दिवाळीच्या जरा आधीची गोष्ट. गल्लीच्या तोंडाशी दवाखाना असलेल्या सर्जननं एक बाई माझ्याकडे पाठवली. धनगराची बाई, पन्नाशी ओलांडलेली, उंच आणि काटक, हिरव्या लुगड्याचा काष्टा घातलेली. बरोबर तिची सून, बारावी शिकलेली, हातात फोन. सासूच्या उजव्या खांद्यामागे लिंबाएवढी गाठ होती. सर्जनच्या अंदाजानं चरबीची गाठ. सुईनं थोडा भाग काढून तपासून द्या, असं चिठ्ठीत लिहिलं होतं. हे एक काम मात्र मी स्वतः करते, त्यामुळे अशा पेशंटशी माझी गाठ पडते.

"मावशी, दुखतं का?" मी मास्क सावरत विचारलं.

"दुखत न्हाई, व माय. पाटी उचलली की आडवी येती नुसती."

मी सुई घातली. चरबीच्या गाठीतून पिवळसर चिकट काहीतरी येतं. इथं पिचकारीत आलं ते पाणी. विहिरीच्या तळच्या पाण्यासारखं स्वच्छ. मी लगेच सुई बाहेर काढली. थोड्याच वेळात तिच्या दंडावर आणि गळ्यावर गांधी उठल्या आणि ती खाजवायला लागली. मी सर्जनला हाक मारली, ते धावत आले, इंजेक्शन दिलं. टेक्निशियननं तिला खाटेवर झोपवून पाय उंच केले. सून घाबरून माझ्याकडे बघत होती. मावशी मात्र आढ्याकडे बघत शांतपणे म्हणाली, "पंखा लई जोरात फिरून राह्यला, जरा हळू करा." हळूहळू गांधी उतरल्या, श्वास नीट होता. सर्जननं संध्याकाळपर्यंत तिला आपल्या दवाखान्यात बसवून ठेवलं आणि मग दोघी गेल्या.

मी ते पाणी मशीनमध्ये फिरवून त्याचा तळ स्लाइडवर घेतला. पेशी जवळजवळ नव्हत्याच. पातळ पापुद्र्याचे तुकडे होते, एकावर एक थर चढलेले, वहीची पानं कडेनं बघावीत तसे. आणि एका कोपऱ्यात दोन-तीन अगदी बारीक आकडे, बोरीच्या काट्यासारखे वाकलेले. असे काटे मी कॉलेजच्या पुस्तकात पाहिले होते, खऱ्या पेशंटच्या स्लाइडवर कधीच नाही. पण पुस्तकातली गोष्ट माझ्या टेबलावर आली आहे यावर पटकन विश्वास बसेना. मी फोन टोपीत बसवला, फोटो काढले आणि ग्रुपात टाकले.

कुणी म्हणालं कचरा आहे. कुणी म्हणालं कापसाचा तंतू असेल, तुमच्याकडे कापूस पिकतो ना सर! मला हसूही आलं आणि रागही. मग पहाडातल्या डॉक्टरांची ओळ आली. पुन्हा सुई घालू नका, आणि शक्य असेल तर मला आत्ता फोन करा, खाली नंबर.

मी फोन लावला.

"नमस्ते. सर को फोन दीजिए," पलीकडून थकलेला, मायाळू आवाज आला.

"सर मैंच बोल रही हूं," मी म्हणाले. माझं हिंदी जालन्याचं आहे, ते अडचणीच्या वेळी जास्तच जालन्याचं होतं.

पलीकडे ते इतके हसले की त्यांना खोकला आला. "मैं दो साल से एक मैडम को सर बुला रहा हूं!" त्यांनी तिथंच माझी माफी मागितली, आणि आम्ही कामाला लागलो.

त्यांना फोटो नको होते. व्हिडिओ लावा आणि स्लाइड हळूहळू सरकवा, म्हणाले. "फोटो वही होता है जो आपने चुना. मुझे वो दिखाइए जो आपने नहीं चुना." हे मला फार पटलं. मी स्लाइडच्या एका टोकापासून सुरुवात केली. ते म्हणायचे डावीकडे, मी डावीकडे न्यायचे, त्यांच्या पडद्यावर ते उजवीकडे जायचं. पाच-सहा वेळा चुकल्यावर त्यांनी युक्ती काढली. दिशा सोडून द्या, मी 'रुको' म्हणेन तेव्हा थांबा. असं आम्ही सगळी स्लाइड पालथी घातली. ज्या कडेकडं मी पाहिलंही नव्हतं तिथं ते "रुको" म्हणाले. तिथं अख्खं चक्र होतं, काट्यांची गोल माळ.

"हायडॅटिड," ते म्हणाले. "आमच्याकडे मेंढपाळांत खूप बघितलंय. तिला विचारा, मेंढरं आहेत का, कुत्री आहेत का."

विचारायची गरज नव्हती. तरी त्यांनी सगळं नीट समजावलं. मेंढराच्या काळजात, म्हणजे लिव्हरमध्ये, एका किड्याच्या पाण्यानं भरलेल्या पिशव्या होतात. मेंढरू कापलं की ते काळीज कुत्र्यापुढे टाकतात. कुत्र्याच्या पोटात किडा वाढतो, त्याची अंडी विष्ठेतून केसांना, हाताला, पाण्याला लागतात आणि माणसाच्या पोटात जातात. मग माणसाच्या अंगात तशीच पिशवी धरते. बहुतेक वेळा लिव्हरमध्ये, क्वचित अशी खांद्यात. पिशवी फुटली तर धोका. म्हणून आधी पोटाची सोनोग्राफी, मग काही आठवडे गोळ्या, आणि मगच ऑपरेशन.

मी रिपोर्ट तयार केला आणि पीडीएफ सुनेच्या नंबरवर पाठवली. हल्ली सगळ्यांचे रिपोर्ट असेच जातात. दोन खुणा निळ्या झाल्या. मी निश्चिंत झाले.

दिवाळी झाली. सर्जननं एकदा जाता जाता सांगितलं, "ती बाई आलीच न्हाई बरं का." टेक्निशियननं फोन लावला, बंद. पुन्हा लावला, बंद. ती म्हणाली, "मॅडम, ही मेंढरंवाली माणसं दिवाळीनंतर खाली गोदावरीकडं जातेत. घनसावंगीकडं. वेचून झालेल्या कापसात मेंढरं बसवतेत. आज या रानात, उद्या त्या." आणि मग माझ्याकडे बघून जरा बिचकत म्हणाली, "शिवाय तुमचा रिपोर्ट इंग्रजीत हाय."

मी तो रिपोर्ट पुन्हा उघडला. माझ्या मते तो माझ्या उत्तम रिपोर्टांपैकी एक होता. त्यातला एकही शब्द रानातल्या त्या मेंढपाळांच्या तळावर कुणाच्या कामाचा नव्हता.

लिहून पाठवावं म्हटलं तर सून वाचणार, सासूला सांगणार, मधे काय गळणार कोण जाणे. मग मी व्हॉइस पाठवायचं ठरवलं. आयुष्यात पेशंटशी बोलायची सवय नाही. बटण दाबून धरलं आणि पहिल्यांदा भाषणच केलं. पुसलं. दुसऱ्यांदा इतकी घाबरले की मलाच काही आजार असल्यासारखी वाटले. तेही पुसलं. टेक्निशियन दाराशी उभी राहून हसत होती. शेवटी तिलाच समोर बसवलं आणि तिच्याकडे बघत बोलले. "मावशी, मी अंबडची डॉक्टर. तुमच्या खांद्यातली गाठ चरबीची नाही. कॅन्सरपण नाही, घाबरू नका. पण ती पाण्याची पिशवी आहे, तिला धक्का लागू द्यायचा नाही आणि तशीच ठेवायचीपण नाही..."

बरेच दिवस एकच खूण दिसत राहिली. मग एका सकाळी उत्तर आलं.

आधी नुसत्या घंटा वाजत होत्या. मग कुत्रं भुंकलं, कोकरू ओरडलं. सुनेचा आवाज, "बोला आत्याबाई, चालू हाय." आणि मग मावशी, नदीच्या पल्याडच्या माणसाला हाक मारावी तशी:

"डाक्टरीन बाई हाय का व? मी बोलून राह्यले. खांद्याची गाठवाली. जेवली का तू? आमचा फोन बंद पडल्ता. घोड्यावर ती उन्हाची प्लेट बांधेल हाय, तिच्यावर चारजिंग व्हतं, पन ढग आल्ते. तर तुजं सगळं ऐकलं. लई चांगलं सांगितलं. पन माय, मेंढ्या व्याया लागल्यात. आता मी कशी येऊ? गाठ कुठं पळून चालली? बरं, ठेवते. ठेवायचं कसं गं हे?"

मी ते तीनदा ऐकलं. एवढ्या वर्षांत माझ्या कोणत्याही रिपोर्टाला उत्तर आलं नव्हतं. आणि जेवली का, हे तर नाहीच.

मग आमचं सुरू झालं. ढग नसले की तिचा व्हॉइस यायचा, मी दुपारच्या चहाला उत्तर पाठवायचे. मी गाठीबद्दल बोलायचे, ती कोकरांबद्दल. एका मेंढीला जुळं झालं आणि ती एकालाच पाजते, हे मला तिच्या गाठीइतकंच सविस्तर कळत होतं. पहाडातल्या डॉक्टरांना मी सगळं सांगायचे. ते म्हणाले, तिला विचारा, मेंढरू कापल्यावर काळजात पाण्याच्या पिशव्या दिसतात का. मी विचारलं.

"दिसत्यात तर!" उत्तर आलं. "पांढऱ्या फुग्यावानी. आमी ते काळीज खात न्हाई, कुत्र्याला टाकतो." मग बराच वेळ नुसत्या घंटा. मग हळू आवाजात, "आगं माय. तेच माज्या खांद्यात हाय का?"

आता ती येईल असं मला वाटलं. पण नाही. कळलं सगळं, येते, म्हणाली. फक्त मेंढ्या व्यायचं होऊ दे. मग म्हणाली, कोकरं जरा चरायला लागू दे. तिचं काही चूक होतं असं मला म्हणवत नव्हतं. तळावर माणसं मोजकी. नवरा आणि मुलगा कळप घेऊन दिवसभर बाहेर, तळावरची कोकरं, चूल, पाणी सगळं या दोघींवर. पण ती पाटी डोक्यावर घेऊन खांद्यावर उतरवत असेल, हे डोळ्यांपुढं आलं की माझा जीव वरखाली व्हायचा.

मी हे पहाडातल्या डॉक्टरांना बोलून दाखवलं. ते म्हणाले, मी एकदा बोलून बघू का? मी मावशीला विचारलं, तिकडचे एक मोठे डॉक्टर तुमच्याशी बोलू म्हणतात, चालेल का? ती म्हणाली, "बोलू दे की. मला काय करायचं, कुठला का असंना."

त्यांनी व्हॉइस पाठवला, मी तो पुढं ढकलला. साधं, सावकाश हिंदी. "बहनजी, मैं भी भेड़वालों के घर का हूं." आपल्या आईलाही असंच झालं होतं, लिव्हरमध्ये, असं त्यांनी सांगितलं. ऑपरेशनला आई तयार नव्हती, कारण बर्फ वितळायला लागलं होतं आणि कळप वर न्यायचा होता. त्या वर्षी तिनं कळप दिराकडे दिला आणि ऑपरेशन करून घेतलं. पुढच्या उन्हाळ्यात ती पुन्हा वर गेली आणि नंतरही कितीतरी वर्षं जात राहिली. हे त्यांनी मलाही कधी सांगितलं नव्हतं. ग्रुपात आम्ही स्लाइडबद्दल बोलायचो, आयांबद्दल नाही.

मावशीचं उत्तर हिंदीत आलं. म्हणजे तिच्या मते हिंदीत. "भाईसाब, तुमारे उधर मेंढरं कैसे असत्यात?"

त्यांनी फोटो पाठवला. उतारावर उभी, लोकरीनं गोल झालेली मेंढरं. त्यावर तळावरून जो हशा आला त्यात सून, मावशी आणि एक अनोळखी पुरुषी आवाजही होता, बहुतेक तिचा नवरा. "अगं बया! ही तर गोधडी पांघरूनच हुबी हायेत!"

दोन दिवसांनी सुनेचा मेसेज आला, लिहिलेला. 'मॅडम, आत्याबाई यायला तयार झाल्या. माझी आई येऊन राहील कोकरांजवळ. आत्याबाई म्हणतेत, पहाडातल्या भावानं सांगितलं म्हणून येते.'

मी इतके दिवस घसा कोरडा करत होते आणि मान मिळाला भावाला! मी त्यांना तसं कळवलं. ते म्हणाले, मैडम, आपण सर होतात तेव्हा जास्त समजूतदार होतात.

जालन्याला सोनोग्राफी झाली. लिव्हरमध्येही एक होती, पण लहान आणि खोल, तिला हात लावायची गरज नव्हती. गोळ्या सुरू झाल्या. त्या गोळ्यांचं पाकीट सुनेनं वाचलं आणि मावशीनं मला खडसावलं, "ह्या तर जंताच्या गोळ्या! शाळेत पोरांना देतेत त्या! येवढी डाक्टरीन तू आन् जंताच्या गोळ्या देती?" मी म्हणाले, किडाच आहे मावशी, फक्त त्यानं घर चुकवलंय. हे तिला आवडलं. पुढं कित्येक दिवस ती त्या गाठीला 'घर चुकलेला' म्हणत होती.

ऑपरेशनच्या दिवशी मी लॅबमध्येच होते. दुपारी जालन्याच्या सर्जनचा फोन आला, पिशवी न फुटता अख्खी निघाली. संध्याकाळच्या एसटीनं बरणी माझ्याकडे आली. मी टेबल पुसलं, दिवा लावला आणि पहाडातल्या डॉक्टरांना व्हिडिओ लावला, कारण त्यांनी तसं आधीच सांगून ठेवलं होतं. त्यांच्याकडे थंडी होती, ते कानटोपी घालून बसले होते. मी पिशवी उघडली. आतला पडदा शहाळ्यातल्या कोवळ्या मलईसारखा पांढरा, थरथरता, सहज सुटून हातात आला. मी तो फोनपुढं धरला. मग ते म्हणाले, "सुंदर." आजाराला सुंदर म्हणणारी माणसं बाहेरच्या जगात विचित्र ठरतात. त्या वेळी मला फार बरं वाटलं की तसं म्हणणारं आणखी कुणीतरी पडद्यापलीकडे बसलंय.

मावशी बरी झाली. टाके निघाले, गोळ्या चालू राहिल्या. पण मला आता कुत्र्यांची काळजी लागली. मी एक वेगळा व्हॉइस पाठवला, फक्त तिच्या तळासाठी. पिशव्या असलेलं काळीज कुत्र्याला टाकू नका, खोल खड्ड्यात पुरा. कुत्र्यांना जनावरांच्या डॉक्टरांकडून जंताचं औषध द्या. कुत्र्याला हात लावून भाकरी थापू नका, आधी साबणानं हात धुवा. सुनेनं तो आपल्या नातेवाइकांच्या ग्रुपवर टाकला, हे मला माहीत नव्हतं.

उन्हाळ्याच्या तोंडाशी टेक्निशियन माहेरी परतूरला जाऊन आली आणि हसत हसत लॅबमध्ये शिरली. तिच्या चुलत्यानं तिला एक व्हॉइस ऐकवला होता आणि विचारलं होतं, "ही बाई कोन हाय? बराबर बोलून राह्यली का उगंच?" तो माझाच आवाज होता. कुठल्या कुठल्या तळांवरून फिरून, बऱ्याच वेळा पुढं ढकलल्याची खूण घेऊन तो परतूरला पोचला होता. वाटेत कुणीतरी त्याला सुरुवातीला ढोलाचं संगीतही जोडलं होतं. मी कपाळाला हात लावला. टेक्निशियन म्हणाली, "मी सांगितलं काकाला, बिलकुल बराबर बोलती. मी त्यांच्याकडंच कामाला हाय."

ऊन फार वाढायच्या आत मावशीनं तळावर बोलावलं. नकार द्यायची सोय नव्हती, कारण तिनं भावासाठी पाठवलेल्या व्हॉइसमध्येही सांगून टाकलं होतं की डॉक्टरीण येणार आहे. एका रविवारी मी आणि नवरा घनसावंगीच्या पुढं गेलो. सून डांबरी रस्त्यावर येऊन थांबली होती. रानात दोन घोडी चरत होती, जाळीच्या कुंपणात कोकरं होती, आणि बाभळीच्या सावलीत मावशी चुलीपुढं बसली होती.

तिनं माझ्याकडे बघून नमस्कार केला, सतरंजी झटकून अंथरली, पाणी दिलं. मग सुनेला बाजूला घेऊन विचारलेलं मला ऐकू आलं, "पाव्हण्या तं आल्या, पन डाक्टरीन बाई कवा येनार?"

माझ्या लक्षात आलं. लॅबमध्ये माझ्या तोंडाला मास्क होता आणि ती तर आढ्याकडे बघत होती. तिनं माझा चेहरा कधी पाहिलाच नव्हता.

"मावशी, मीच," मी म्हणाले.

ती गर्रकन वळली. जवळ आली, दोन्ही हातांनी माझा चेहरा धरला आणि स्वतःच्या कानशिलावर कडाकडा बोटं मोडली. "आवाज तोच हाय," ती नवऱ्याला ओरडून म्हणाली. मग मला खालीवर न्याहाळून, "पन आवाजावरून मला वाटलं, चांगली जाडजूड असशील!"

भाकरी, तव्यावरचा ठेचा, शेळीच्या दुधाचा चहा. जेवताना तिनं खांदा उघडून व्रण दाखवला, बारीक रेघ राहिली होती. मग मी पहाडातल्या डॉक्टरांना व्हिडिओ लावला. एवढे महिने बोललेली ती दोघं, पण पडद्यावर समोरासमोर आल्यावर मावशीनं पदर पुढं ओढला आणि डॉक्टरांनी उगाच कानटोपी नीट केली. नमस्कार झाले. ठीक आहे ना, ठीक आहे. तेवढ्यात एक कोकरू मधे घुसलं आणि फोनचं कव्हर चाटायला लागलं. डॉक्टर म्हणाले, याचे कान इतके लांब कसे? बस. मग मावशीनं फोन माझ्या हातातून काढून घेतला आणि कोकरांमध्ये जाऊन बसली. ती मराठीत आणि ते पहाडी हिंदीत; किती दूध, लोकर कधी कातरता, लांडगा येतो का, वाघ येतो का. माझा नवरा म्हणाला, चल, आपण घोडी बघून येऊ, इथं आपलं काम नाही.

परत आलो तेव्हा फोन गरम झाला होता आणि रेंज गेली होती. मावशी तरी बोलतच होती. सुनेनं सांगितल्यावर तिनं फोन पदरानं पुसून मला दिला.

या वर्षी पहाडातल्या डॉक्टरांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. महिनाभर ते ग्रुपावर नव्हते आणि ग्रुप पोरका झाल्यासारखा तासन् तास भांडत होता. मावशीची सहा महिन्यांनी करायची सोनोग्राफी नुकतीच झाली, लिव्हरमधली गाठ आणखी बारीक झाली आहे. हे मी तिला कळवलं. काल तिचं उत्तर आलं. गाठीबद्दल एक शब्द नाही. तिच्या माहेरी गुडघ्यावर कसला पाला बांधतात ते तिनं सविस्तर सांगितलं होतं, आणि शेवटी म्हणाली होती, "भावाला म्हनावं, चढावर काठी घेऊन चाल, लाजू नको." आज सकाळी मी त्याचं हिंदी करायला बसले. पाल्याचं नाव काही हिंदीत सापडेना, म्हणून तिचाच व्हॉइस तसाच पाठवून दिला.